घरच्या घरी डॅशबोर्ड मढवणे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं पॅनल खोलून बसलं की येणारा-जाणारा थांबतो आणि तेच तेच विचारतो, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचा गैरसमज टळेल. अख्खा डॅशबोर्ड मढवायच्या भानगडीत बहुतेकांनी पडूच नये. मधली पट्टी, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, गियर कन्सोलच्या बाजू आणि दारावरचं कापडी इन्सर्ट एवढं नीट केलं तरी गाडीत बसल्यावर फरक कळतो आणि बिघडलं तर एकच पॅनल बिघडतं.

घरी नक्की काय काय होऊ शकतं?

रेक्झीन किंवा लेदर चिकटवणं, स्ट्रेच व्हायनलची फिल्म लावणं, रंग मारणं आणि रेडिमेड मॅट टाकणं असे चार प्रकार आहेत. मॅट सगळ्यात सोपं, उन्हापासून वाचवतं आणि नको झालं की उचलून ठेवता येतं, फक्त एअरबॅगच्या झाकणाचा भाग मोकळा सोडलेलंच घ्या. फिल्म सपाट किंवा हलक्या गोलाईच्या पट्टीवर छान बसते. रेक्झीनचं काम खरं कष्टाचं आणि या पानावर बरंचसं त्याच्याबद्दलच आहे.

वरचा भाग मढवला तर एअरबॅगला प्रॉब्लेम येईल का?

येईल, आणि यात 'बघू, चालतंय' असं काही नाही. पॅसेंजर साइडची एअरबॅग डॅशबोर्डच्या आत असते, काही गाड्यांत तिचं झाकण वेगळं दिसतं पण बऱ्याच गाड्यांत वरून काहीच दिसत नाही कारण कंपनीने आतल्या बाजूने प्लास्टिक मुद्दाम एका रेषेत कमकुवत केलेलं असतं, टक्कर झाली की ते त्याच रेषेवर फाटतं आणि सेकंदाच्या अगदी छोट्या भागात बॅग बाहेर येते. त्यावर तुम्ही जाड रेक्झीन, खाली फोम आणि वर डबाभर चिकटवायचं सोल्युशन लावलं तर बॅग उघडायला उशीर होऊ शकतो, वाकडी उघडू शकते किंवा झाकणाचा तुकडा रेक्झीनसकट माणसाच्या तोंडावर येऊ शकतो. ज्या गाड्यांना फॅक्टरीतूनच लेदरचा डॅशबोर्ड येतो त्यांचं कव्हर मागून ठरावीक खोलीपर्यंत चिरलेलं असतं, तिथली शिलाईसुद्धा ठरलेल्या जोराला तुटेल अशी असते आणि हे सगळं खऱ्या एअरबॅगा फोडून तपासलेलं असतं. आपण घरी ते तपासू शकत नाही, बॅग एकदाच उघडते.

'अमुक दुकानवाल्याने केलंय, काही झालं नाही' असं कुणी सांगितलं तर त्याचा अर्थ एवढाच की त्या गाडीचा अजून ॲक्सिडेंट झालेला नाही. स्टीअरिंगच्या मधल्या पॅडलाही हेच लागू. काचांमधल्या खांबावर किंवा सीटच्या कडेला एसआरएस (एअरबॅगच्या यंत्रणेचं इंग्रजी लघुरूप) एअरबॅगचं लेबल असेल तर तिथेही काही मढवू नका, सीट कव्हर घेताना तर हे लोक हमखास विसरतात.

गाडीत एअरबॅग आहे की नाही हे कसं ओळखायचं?

इग्निशन ऑन केलं की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो. डॅशबोर्डवर आणि स्टीअरिंगवर इंग्रजीत एसआरएस किंवा एअरबॅग असं कोरलेलं असतं, ते शोधा. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या सीटची नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून, आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना २०२१ संपताना. त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर आहे असंच धरा. त्याआधीच्या गाड्यांत व्हेरियंटवर अवलंबून होतं, टॉप मॉडेलला असायची. जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी असेल तर मात्र बिनधास्त वरपासून खालपर्यंत मढवा, तिथे एअरबॅगचा प्रश्नच नाही.

मग डॅशबोर्डवरचा गणपती?

मला माहितीये हा प्रश्न येणार. ड्रायव्हरसमोर किंवा मध्ये, एअरबॅगच्या झाकणापासून लांब, छोटी आणि हलकी मूर्ती ठेवा. झाकणावर चिकटवलेली धातूची मूर्ती बॅग उघडताना गोळीसारखी सुटते. आमच्या काकूंना हे पटवायला बराच वेळ लागला, शेवटी बाप्पा मधल्या कप्प्यात आले.

आरटीओ पकडेल का? इन्शुरन्स, वॉरंटी?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसीवर नोंदलेल्या गोष्टी बदलण्याबद्दल आहे, म्हणजे इंजिन, इंधन, बॉडीचा रंग वगैरे. आतल्या पट्टीचं रेक्झीन आरसीवर कुठेच नसतं. पण एअरबॅग काढून टाकणं किंवा तिचं वायरिंग छेडणं हा वेगळा विषय आहे, ते करू नका. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापली तर सर्व्हिस सेंटर हात वर करणार, म्हणून लाइट किंवा म्युझिक सिस्टीमसाठी कायम कप्लरवालं, म्हणजे वायर न कापता खोचून जोडता येणारं वायरिंग घ्या. इन्शुरन्सवाल्याला मोठा बदल कळवून ठेवलेला बरा.

रेक्झीन, पीयू, लेदर, अल्कँटारा, कार्बन फायबर... नक्की काय घेऊ?

बाजारात ज्याला सरसकट रेक्झीन म्हणतात त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. सोफ्याचं स्वस्त पीव्हीसी रेक्झीन ताणलं जात नाही, उन्हात त्यातून तेलकट वाफ निघते आणि काही दिवसांनी विंडशील्डच्या आतून धुरकट थर दिसायला लागतो, पुसला तरी परत येतो. गाडीसाठी म्हणून मिळणारं, मागे होजिअरीसारखं कापड असलेलं आणि चारही बाजूंना ताणलं जाणारं व्हायनल घ्या. दुकानात तुकडा हातात घेऊन आडवा, उभा आणि तिरका ताणून बघा, एकाच दिशेला ताणला जात असेल तर गोलाईवर सुरकुती पडणार म्हणजे पडणारच. आगीचंही विचारा, गाडीच्या आतल्या मटेरियलसाठी आपल्याकडे आयएस १५०६१ हे स्टँडर्ड आहे, दुकानदाराला माहीत असेलच असं नाही पण चांगल्या ब्रँडच्या रोलवर किंवा कॅटलॉगमध्ये उल्लेख सापडतो.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं कृत्रिम लेदर, दिसायला लेदरच्या जवळ आणि हाताला मऊ, पण हलक्या दर्जाचं पीयू दमट हवेत काही वर्षांनी पापुद्रे सोडतं, मुंबई-कोकणात हे जास्त. अस्सल लेदर सुंदर दिसतं यात वाद नाही पण रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात बंद गाडीत त्यावर बुरशी येते, दर आठवड्याला पुसायची तयारी असेल तरच घ्या. अल्कँटारा हे इटलीतल्या कंपनीचं सिंथेटिक कापड आहे, आपल्याकडे त्या नावाने जे मीटरवर स्वस्तात विकतात ते बहुतेक साधं स्वेड कापड असतं, तेही वाईट नाही, फक्त नावाचे पैसे देऊ नका. कार्बन फायबरची फिल्म एका पट्टीला ठीक, सगळीकडे लावली तर गाडी रिक्षाच्या हुडासारखी दिसते, हे माझं वैयक्तिक मत.

रंगाबद्दल एकच सांगतो, विंडशील्डखालचा भाग गडद आणि बिनचमकेचाच ठेवा. तिथे बेज, लाल किंवा चकचकीत काही लावलं की दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब काचेवर पडतं आणि समोरचा रस्ता धुवट दिसतो. हौस खालच्या भागात भागवा.

मटेरियल कुठे मिळेल आणि किती लागेल?

पुण्यात नाना पेठेत ॲक्सेसरीजच्या दुकानांत चौकशी करा. मुंबईत लेदर हवं तर धारावी, आणि सरावासाठी भंगारातलं पॅनल हवं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. बाकी शहरांत सीट कव्हरवाल्यालाच विचारा, तो उरलेले तुकडेसुद्धा देतो आणि छोट्या पॅनलला तेवढे पुरतात. रोलचा पन्हा साधारण ५४ इंच असतो. फक्त पट्टी आणि ग्लोव्ह बॉक्स करायचं असेल तर एक मीटरमध्ये होतं, पण दीड मीटर घ्या, पहिला तुकडा कटिंगमध्ये जातोच. नंतर परत गेलात तर तोच शेड मिळेल याची खात्री नाही.

सोल्युशन कुठलं? घरातला फेव्हिकॉल चालेल का?

सुताराचा पांढरा फेव्हिकॉल एसएच अजिबात नाही, तो लाकडासाठी आहे, प्लास्टिकवर वाळून पापडी निघेल. आपल्याला लागतो तो रबरबेस पिवळट काँटॅक्ट ॲडहेसिव्ह, उदाहरणार्थ एसआर ९९८, किंवा गाडीच्या छताचं कापड चिकटवायला जो हाय टेंपरेचरचा स्प्रे येतो तो. डब्यावरची तापमानाची मर्यादा वाचून घ्या कारण उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास सहज जातो आणि साधं सोल्युशन तिथे मऊ पडून कडा सोडतं. गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहत असेल तर मी सरळ हाय टेंपरेचरवालंच घेईन, पैसे थोडे जास्त गेले तरी.

लावायची पद्धत अशी की पॅनलवर आणि रेक्झीनच्या मागे, दोन्हीकडे पातळ थर द्यायचा आणि थांबायचं. इथेच सगळे घाई करतात. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाची मागची बाजू हलकेच टेकवून बघा, तार निघाली तर अजून ओलं आहे, बोट चिकटल्यासारखं वाटून कोरडंच परत आलं तर वेळ झाली. ओलं असताना चिकटवलं तर सॉल्व्हंट आत अडकतो आणि पहिल्या उन्हात फुगे येतात. या सॉल्व्हंटची वाफ डोक्यात जाते आणि लगेच पेट घेते, त्यामुळे बाल्कनीत किंवा पार्किंगमध्येच काम करा, आसपास गॅस, देव्हाऱ्यातला दिवा, उदबत्ती, सिगारेट काही नको आणि पोरांना लांब ठेवा.

पॅनल काढताना क्लिपा तुटतात, काय करू?

थोड्या तुटणारच, त्यामुळे तुमच्या मॉडेलच्या पाच-दहा क्लिपा आधीच आणून ठेवा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लास्टिकवर कायमचा वळ उठतो. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा ट्रिम काढायचा सेट मिळतो तो घ्या, आणि टोक घालायच्या जागी शेजारच्या पॅनलवर मास्किंग टेप लावा. कोपऱ्यातून सुरू करा, पट्टी क्लिपच्या जितकी जवळ घालाल तितकं बरं, मग सरळ स्वतःकडे ओढा, वाकडं ओढलं की क्लिपचा खुंट पॅनलकडूनच मोडतो. 'टक' असा आवाज आला की एक सुटली. दोन-तीन सुटूनसुद्धा पॅनल एका जागी अडून बसलं तर जोर लावू नका, तिथे नक्की लपलेला स्क्रू असतो, बहुतेक वेळा एखाद्या छोट्या झाकणाखाली किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या आत. हिवाळ्यात सकाळी प्लास्टिक ठिसूळ असतं, गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून मग काढा.

हॅझर्डचं बटण, एसीचे स्विच असलेलं काही काढायचं असेल तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मॅन्युअल हाताशी नसेल तर अर्धा तास सोडा, कारण एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. पिवळे कप्लर आणि पिवळ्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावायचा नाही, मल्टिमीटर लावून 'चेक' तर मुळीच करायचं नाही. प्रत्येक स्टेपला मोबाइलवर फोटो काढा, स्क्रू वेगवेगळ्या वाटीत ठेवा.

नुसतं पुसून चिकटवलं तर?

दोन कारणांनी सुटेल. पहिलं म्हणजे वर्षानुवर्षं मारलेलं डॅशबोर्ड पॉलिश, त्यातलं सिलिकॉन प्लास्टिकच्या खाचांत बसतं आणि त्यावर सोल्युशनही धरत नाही, रंगही धरत नाही. भांड्याच्या लिक्विडने आणि जुन्या टूथब्रशने घासून धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, दर वेळी स्वच्छ फडकं. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, एबीएस प्लास्टिक विरघळतं.

दुसरं कारण प्लास्टिकचा प्रकार. पॅनल उलटं करा, मागे बारीक अक्षरांत पीपी किंवा एबीएस असं छापलेलं असतं. एबीएस असेल तर नशीबवान आहात, पॉलिश पेपर मारला की सोल्युशन पकडतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, त्याला कशाचंच प्रेम नाही, त्यावर १८० नंबरचा पेपर घासून प्लास्टिकचा ॲडहेजन प्रमोटर (पकड वाढवणारं द्रव) मारावा लागतो आणि तरीही कडा मागे भरपूर वळवून दाबायच्या.

कोपऱ्यात सुरकुत्या येतात, त्याचं काय?

रेक्झीन पॅनलवर टाकून मधून सुरुवात करा आणि हाताने बाहेरच्या बाजूला दाबत जा, कडेकडून मध्ये कधीच नाही. बाहेरच्या गोल कोपऱ्यावर हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) लांबून फिरवा, मटेरियल कोमट आणि लवचीक झालं की ताणून मागे घ्या. जास्त तापवलं तर वरचा दाणा म्हणजे ग्रेन सपाट होऊन चकचकीत डाग पडतो आणि तो जात नाही. मागच्या बाजूला जमा झालेलं जास्तीचं मटेरियल बारीक त्रिकोणात कापून काढायचं, एकावर एक थर राहिले तर पॅनल परत बसताना फट दिसते.

आतला कोपरा, म्हणजे एसी व्हेंटच्या चौकटीचा, तिथे उलटं असतं, मटेरियल कमी पडतं. चौकटीच्या मध्ये एक्ससारखी चीर द्या पण कोपऱ्याच्या तीन-चार मिलिमीटर अलीकडे थांबा. मग कोमट करून ती पाकळी मागे ओढा, उरलेली चीर ताणाने स्वतःच नीट जागेवर बसते. कोपऱ्यापर्यंत चीर नेली की खालचं प्लास्टिक डोळा मारतं आणि तिथे काही इलाज नाही. कटरचं पातं दर पॅनलला मोडून नवं घ्या. कडा बसल्या की मागून कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवून द्या.

दोन रंग आणि शिलाई हवी असेल तर?

मग साचा लागतो. पॅनलवर आधी घरातली क्लिंग फिल्म, तिच्यावर मास्किंग टेपचे दोन थर, त्यावर मार्करने जोडाची रेषा आणि मध्ये मध्ये आडव्या खुणा. मग त्या रेषेवर कापून सपाट करायचं, कागदावर उतरवायचं आणि जोडाच्या बाजूला १० ते १२ मिलिमीटर मार्जिन धरायचं. त्या आडव्या खुणा विसरू नका, दोन तुकडे शिवताना त्या जुळल्या नाहीत तर टीप पॅनलवर सापासारखी फिरते. घरच्या मशीनवर पातळ व्हायनल १६ किंवा १८ नंबरच्या सुईने शिवून होतं, पायाखाली सरकत नसेल तर टेफ्लॉनचा पाय लावा. सुती धागा नको, उन्हाने कुजतो, पॉलिस्टर घ्या. फोम लावलेलं जाड असेल तर कापून, खुणा करून कुशनवाल्याकडे न्या आणि फक्त टीप मारून आणा, त्यात कमीपणा काही नाही.

डॅशबोर्डला आधीच तडे गेलेत. वरून झाकून टाकू?

खालचा तडा उन्हात वाढतच राहतो आणि वरून रेषा उमटते. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे तो पुढे पळणार नाही, मागून प्लास्टिक वेल्डिंग करा आणि वरून लवचीक फिलर. एम-सील कडक असतं आणि पीपीवर टिकत नाही. तडा एअरबॅगच्या जागी असेल तर काही भरू नका, भंगारातून किंवा कंपनीकडून अख्खं पॅनल बदला.

बटणं आणि हँडल चिकट झालीत, त्यावर काय चिकटवू?

काहीच नाही. ते सॉफ्ट टचचं रबरी कोटिंग दमट हवेने आणि हाताच्या घामाने विरघळायला लागलंय. आयसोप्रोपिलने घासून पूर्ण काढून टाका, खालचं कडक प्लास्टिक बरं निघतं. बटणावरची चिन्हं पुसली जाणार नाहीत ना ते आधी एका कोपऱ्यात बघा.

पावसाळ्यात केलं तर चालेल?

टाळा. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी सोल्युशनवर येऊन बसतं, वरून पांढुरकं दिसतं आणि पकड जाते. मे महिन्याच्या दुपारी उलट, ब्रश फिरवेपर्यंत वाळतं. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस चांगले.

परत बसवल्यावर खडखड येते.

जिथे प्लास्टिकला प्लास्टिक लागतं तिथे वायरिंगची कापडी टेप लावा. क्लिपांची भोकं सैल झाली असतील तर नव्या क्लिपा. आणि रेक्झीनच्या जाडीमुळे पॅनल पूर्ण आत जात नसेल तर ठोकू नका, काढा आणि कडेचं मागचं मटेरियल पातळ करा. डिफॉगरच्या म्हणजे काचेवर हवा सोडणाऱ्या जाळ्या, ट्विटर म्हणजे छोटे स्पीकर आणि काचेजवळचा तो छोटा काळा घुमट, म्हणजे ऊन मोजणारा सेन्सर, यातलं काही झाकलं गेलं नाही ना तेही याच वेळी बघून घ्या.

नाही आवडलं तर पहिल्यासारखं होईल का?

हीट गनने कोमट करून रेक्झीन हळूहळू सोलून निघतं पण सोल्युशनचे डाग आणि पेपर मारलेले ओरखडे राहतात, म्हणून मी भंगारातून त्याच मॉडेलची जुनी पट्टी आणून तिच्यावर काम करायला सांगतो आणि मूळची पट्टी गुंडाळून माळ्यावर टाकायची. गाडी विकताना तीच परत बसवायची, आणि मढवलेली पट्टी त्याच मॉडेलवाला कुणीतरी विकत मागतोच.